व्हय आणि न्हाय

अदितीनं भाकरीच्या चित्रावर बोट टेकवलं आणि लॅपटॉप जागच्या जागी अडकला. पडद्यावर बारीकसं वर्तुळ फिरत राहिलं. कॉटवर तक्क्याला टेकून बसलेल्या अमरसिंहांनी आधी पडद्याकडं आणि मग तिच्याकडं पाहिलं. त्यांचा डावा हात तसाच हवेत थांबला होता.

"थांबा हं काका. येईल," ती म्हणाली.

आलं नाही. मिनिटभरानं पडदा काळा झाला आणि लॅपटॉप आपोआप बंद पडला. दारात उभ्या असलेल्या तानाबाईंनी पदराला हात पुसले.

"ऱ्हाऊ द्या की म्याडम," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी भाकरी पायजे का भात, मला कळतंय. दोन वर्सं मीच सांगतोय की सगळ्यास्नी."

दोन वर्षांपूर्वी अमरसिंहांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणंही गेलं. कळंब्यात त्यांचा आवाज ठाऊक नाही असा माणूस नव्हता. गोठ्यातून त्यांनी हाक मारली की तळ्याच्या बांधावरचा माणूस मागं वळून बघायचा. आता त्या तोंडातून एकच आवाज निघत असे, 'आ'. पाणी हवं असलं तरी 'आ' आणि पंखा नको असला तरी 'आ'. मान हलवायचे, पण होकाराला आणि नकाराला सारखीच. ऐकलेलं सगळं त्यांना समजत होतं. स्वतःचा शब्द मात्र सापडत नव्हता, आणि कागदावरची अक्षरं ओळखीची वाटूनही लागत नव्हती.

अदिती आठ महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडं येत होती. झटक्यानं किंवा अपघातानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. सुरुवातीला ती चित्रांचे पत्ते घेऊन यायची. अमरसिंह भाकरीच्या पत्त्यावर बोट ठेवायचे आणि लगेच उचलायचे. आपण बरोबर दाखवलं की चुकलो, हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. पण अदितीनं मोठ्यानं "भाकरी" म्हटलं की चेहरा बदलायचा. कानावर पडलेला शब्द त्यांना पक्का ओळखू यायचा. म्हणजे चित्र दाबल्याबरोबर कुणीतरी शब्द बोलून दाखवायला हवा होता, आणि दिवसभर दाखवायला हवा होता. त्यांच्या उशाशी अदिती दिवसभर थोडीच बसणार होती?

तयार ॲपं होती. त्यांतली चित्रं मात्र बर्गरची, बर्फात घालायच्या बुटांची. अदितीच्या कॉलेजातल्या बाईंनी पंधरा वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम करून घेतला होता. त्यात भाकरी होती, वैरण होती, धारेची चरवी होती, पायताण होतं. तो चालायचा फक्त विंडोजवर, आणि मुका होता. मराठी बोलणारा चांगला आवाज होता फोनच्या ॲपमध्ये, म्हणजे अँड्रॉइडवर. आणि अदितीचा लॅपटॉप लिनक्सचा. स्कूटरवरून फिरून खांदा दुखायला लागला तेव्हा तिनं मुद्दाम किलोभरापेक्षा हलका, बोटानं चालणारा लॅपटॉप घेतला होता. अमरसिंहांच्या मांडीवर ठेवता येईल असा तेवढा एकच होता.

राजारामपुरीत क्रांतीचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दोघी एका शाळेतल्या. क्रांतीनं लॅपटॉप उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काय काय घातलंयस ह्याच्यात?"

"आत अख्खं विंडोज टाकलं. आणि अँड्रॉइड."

"चार जीबीचा ह्याचा जीव. तू त्याच्या डोक्यावर आणखी दोन संसार दिलेस. मरंल न्हाय तर काय करंल?"

"मग दुसरा घेऊ का? मोठा?"

"आजारी माणसाच्या मांडीवर ठेवणार न्हवं तू? मग मोठा कशाला?" क्रांतीनं खुर्ची पुढं ओढली. "अख्खं विंडोज लागतंय कशाला तुला? बाईंच्या प्रोग्रॅमला फक्त वाटलं पायजे की आपण विंडोजवर हाय. तो मागंल ते मधल्यामधी लिनक्सनं द्यायचं. अँड्रॉइडलाबी तसंच एका खोलीत बसवू. पाया तोच, भिंत तेवढी वेगळी. तू सोमवारपर्यंत ठेव माझ्याकडं, मी बघतो."

सोमवारी झालं नाही. चित्रं दिसायला लागली तर त्यांच्याखालची मराठी अक्षरं चौकोन होऊन आली. अक्षरं आली तर आवाज गेला. अदिती आपली कामं उरकून रोज दुपारी दुकानात जाऊन बसू लागली. मग क्रांतीला सुचलं की प्रोग्रॅम आणि ॲप, दोघांना एकमेकांशी बोलायला लावायची गरजच नाही. चित्र दाबलं की त्याचा शब्द आपोआप कॉपी व्हावा, आणि फोनच्या ॲपनं कॉपी झालेलं जे असेल ते वाचून टाकावं. दोन्ही कामं दोघं पहिल्यापासून करत होते. कुणाला काही नवं शिकवायचं नव्हतं.

गुरुवारी दुपारी क्रांतीनं पडद्यावरचं एक चित्र दाबलं.

"खुरपं," लॅपटॉप म्हणाला.

माऊस घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकून मागं वळलं. क्रांती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

शुक्रवारी अदितीनं लॅपटॉप अमरसिंहांच्या मांडीवर ठेवला. पहिल्या पानावर मोजकीच चित्रं होती, आणि खाली कोपऱ्यात एक तांबडी फुली. चुकलं तर ती दाबायची.

अमरसिंहांनी पाण्याचं चित्र दाबलं. "पाणी," लॅपटॉप पुरुषी आवाजात म्हणाला. त्यांनी कान टवकारले. पुन्हा दाबलं. पुन्हा "पाणी". मग त्यांनी हिरवी खूण दाबली. "हो," आवाज आला. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि बोट फुलीवर गेलं. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा "हो", पुन्हा फुली. तीनदा तसंच झालं. कुठलं तरी चित्र कुठल्या तरी शब्दाला जोडलं गेलंय, अशा समजुतीनं अदिती वाकून बघायला लागली.

"असं कुठं बोलत्यात हे," तानाबाई दारातून म्हणाल्या. "हो कुठलं? व्हय म्हणत्यात."

अदितीनं कळफलक काढून हिरव्या खुणेखाली "व्हय" टाईप केलं आणि तांबड्या हाताच्या चित्राखाली "न्हाय". अमरसिंहांनी दोन्ही दाबून ऐकली. मग ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण पोट हलेपर्यंत हसले. तानाबाई पदर तोंडाला लावून आत वळल्या.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत घरातल्या बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. लॅपटॉप आता त्यांच्याकडंच राहायचा, आणि अदितीनं स्वतःच्या कामासाठी घरातला जुना जड लॅपटॉप पुन्हा खांद्याला अडकवला होता. अमरसिंहांनी "चहा", "साखर", "न्हाय" असं एकामागून एक दाबलं, तेव्हा कळलं की दोन वर्षं ते गोड चहा निमूट पीत होते. सकाळी लावलेला भक्तिगीतांचा रेडिओ त्यांना नको होता. पायांकडची खिडकी उघडी हवी होती, कारण तिथून गोठा दिसायचा.

"म्हंजे मला कायबी कळत न्हवतं म्हणा की," तानाबाई म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण हसू लगेच विरलं.

अमरसिंहांनी त्यांच्याकडं पाहिलं. बोट पानावरून बराच वेळ फिरत राहिलं. मग लॅपटॉप म्हणाला, "तू." थोड्या वेळानं म्हणाला, "जेव."

घड्याळात तीन वाजत आले होते. तानाबाई स्वैपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज मात्र लवकर आला नाही.

त्या आठवड्यात अदितीला आकारामचा फोन आला. अमरसिंहांचा धाकटा भाऊ. दर रविवारी पहिल्या एसटीनं जयसिंगपूरहून यायचा, भावाची दाढी करायचा, नखं काढायचा, उचलून न्हाणीत नेऊन अंघोळ घालायचा आणि संध्याकाळी परत जायचा. अदितीनं त्याला एकदाच, ओझरतं पाहिलं होतं.

"म्याडम, ह्या ऐतवारी येशीला का?" तो म्हणाला. "दादा बोलायला लागलाय म्हणं. मला एक विचारायचं हाय त्याला. तुमी असला तर मशीनचं कळंल."

ती येते म्हणाली.

शुक्रवारी निघताना ती स्कूटरपाशी आली, तर तानाबाई गोठ्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"म्याडम, जरा हिकडं या."

गोठ्यात दोन म्हशी होत्या. तानाबाई त्यांतल्या एकीच्या पाठीवर हात ठेवून बोलायला लागल्या. अदितीकडं त्यांनी पाहिलं नाही.

"ऐतवारी ते मशीन बिघडलंय म्हणा."

"का हो काकू?"

"भावजी इचारणार ह्यास्नी, मला तूच बोलावलंस न्हवं म्हणून. ते कवाधरनं म्हणाय लागल्यात, एकदा दादाच्या तोंडनं ऐकायचंय." त्या थांबल्या. "ह्येंनी बोलावलंच न्हवतं त्यास्नी. म्या बोलावलं."

एकोणीसच्या पुरात सासूबाई आकारामच्या मळ्यात वारल्या, त्या सांगू लागल्या. अमरसिंह थोरले, अग्नी द्यायचा मान त्यांचा. निघाले, तर शिरोलीच्या पुढं रस्त्यावर पाणी. दोन दिवस ते पाण्याच्या कडेला उभे होते. आकारामनं त्याच संध्याकाळी सगळं उरकून घेतलं होतं.

"चौथ्या दिशी हे पोचलं. दारातनंच म्हणालं, माझ्यापुरता तू मेलास. पाणीबी न पिता माघारी. का उरकलं, कसं उरकलं, एक सबुद ऐकून घेतला न्हाय. मग वर्सानुवर्सं ह्या घरात भावजींचं न्हाव काढायची सोय न्हवती."

"आणि मग काका आजारी पडले."

"व्हय. लेक तिकडं बेळगावाकडं दिलेली, ती किती दिस ऱ्हाणार? एकदा हे न्हाणीत पडलं. मला उचलंना. दोन तास दोघं तितंच वल्ल्यात बसलोय. दुसऱ्या दिशी म्या भावजींस्नी फोन लावला. म्हटलं, हे सारखं आ आ करत्यात, तुमचंच न्हाव घेत्यात. झालं गेलं इसरा, या म्हणत्यात."

म्हशीनं मान हलवली, साखळी वाजली.

"ते त्याच दिशी आलं, म्याडम. ह्येंनी त्यास्नी बघून भिंतीकडं त्वांड फिरवलं. म्या म्हटलं, रडू येतंय त्यास्नी, म्हणून फिरवलं."

"आता फिरवतात?"

"आता न्हाय. पर मनात काय हाय ते कुणाला ठावं? चहात साखर नको हे मला कळलं न्हाय दोन वर्सं." त्यांनी पहिल्यांदा अदितीकडं पाहिलं. "न्हाय म्हणालं तर भावजी पुन्यांदा यायचं न्हाईत. आणि मी खोटी पडीन ते येगळंच."

अदिती काही कबूल न करता निघाली. रविवारी सकाळी येताना तिच्या मनात दोन्ही होतं. बिघडवणं अवघड नव्हतं. चार्जर काढून ठेवला तरी भागलं असतं. पण हे यंत्र तानाबाईंचं नव्हतं, आणि तिचंही नव्हतं. आठ महिने खपून तिनं एका माणसाला 'न्हाय' म्हणता येईल असं केलं होतं, आणि पहिल्या महत्त्वाच्या प्रश्नालाच ते काढून घ्यायचं?

ती पोचली तेव्हा आकाराम भावाची दाढी करत होता. गुडघ्यावर पाण्याचा तांब्या, खांद्यावर टॉवेल. हनुवटी दोन बोटांनी वर करून तो गळ्यावरून वस्तरा फिरवत होता, आणि अमरसिंह डोळे मिटून मान मागं टाकून बसले होते. लॅपटॉप उशाच्या फळीवर होता, झाकण मिटलेला. तानाबाईंनी तो तिथं नेऊन ठेवला असणार.

आकारामनं चेहरा पुसून काढला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. अमरसिंहांनी डोळे उघडले, अदितीला पाहिलं, आणि डावा हात फळीकडं लांब केला.

तानाबाई जागच्या हलल्या नाहीत. अदितीनं लॅपटॉप उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि उघडला.

आकाराम कॉटच्या कडेला टेकला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा हात चोळत बसला.

"दादा, एवडे दिस वैनींच्या तोंडनं ऐकलं. आज तूच सांग. मला बोलावलंतंस न्हवं तू?"

अमरसिंहांनी त्याच्याकडं पाहिलं. मग दाराला टेकलेल्या बायकोकडं पाहिलं. बोट पडद्यापर्यंत गेलं, थांबलं, आणि टेकलं.

"न्हाय," लॅपटॉप म्हणाला.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. आकारामनं वाकून पडदा बघितला.

"चुकून दाबलं वाटतं," आकाराम म्हणाला. "म्याडम, मशीन चुकलं का वो?"

तानाबाई अदितीकडं बघत होत्या.

"चुकलं तर काका फुली दाबतात," ती म्हणाली.

सगळे फुलीकडं बघत राहिले. अमरसिंहांचं बोट तिकडं गेलं नाही.

"त्येंनी न्हाय, भावजी," तानाबाई म्हणाल्या. "म्या बोलावलं. ह्यास्नी न इचारता. माझ्यानं एकटीनं हुईना म्हणून खोटं बोललो."

आकाराम उठला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं नीट घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. वस्तरा मिटला, तांब्यातलं पाणी खिडकीतून बाहेर ओतलं. आपली पिशवी घेतली. हे सगळं तो सावकाश करत होता, जणू यांतलं एखादं काम तरी लवकर संपू नये.

"येतो मग," तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

"आत्ता," लॅपटॉप म्हणाला.

आकाराम थांबला. अमरसिंहांचं बोट पडद्यावरून घाईघाईनं फिरत होतं. चुकीच्या पानावर गेलं, फुली दाबली, परत आलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. अदितीचा हात मदतीला पुढं झाला आणि तिनं तो मागं घेतला. शेवटी ते पाटावर बसलेल्या माणसाच्या चित्रापाशी आले.

"बस."

आकाराम तिथंच उभा होता, पिशवी हातात धरून. अमरसिंहांनी पुन्हा दोन्ही चित्रं दाबली. या वेळी एकामागून एक, न चुकता.

"आत्ता. बस."

आकाराम बसला. कॉटवर नाही, खाली जमिनीवर, भावाच्या पायांपाशी. पिशवी त्यानं मांडीवरच ठेवली. तानाबाई मागच्या दारानं बाहेर निघून गेल्या.

अमरसिंहांचं बोट पुन्हा हललं. घरच्या माणसांचं पान उघडलं. त्यात अदितीनं ठेवलेली चित्रं होती: आई, बायको, लेक, भाऊ.

"आई," लॅपटॉप म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, "सांग."

आकारामनं मान वर केली.

"चार वाजता गेली," तो म्हणाला. "माझ्याच मांडीवर. पाणी मळ्यात आलंतं, दादा. स्मशानात घोट्याएवडं झालंतं. लोक म्हणालं, रातीत जागाच ऱ्हाणार न्हाय, मग काय करशील? तुला फोन लावत हुतो, लागत न्हवता. मी म्हटलं त्यास्नी, थोरला यायचाय. घटकाभर थांबलो. पाणी गुडघ्याला आलं…"

अदिती हळूच उठली. अमरसिंहांचा हात आता पडद्यावर नव्हता. तो मांडीवरून खाली, भावाच्या खांद्याच्या बाजूला लोंबत होता, आणि ते पुढं वाकून बघत होते.

ती मागच्या दारानं बाहेर आली. तानाबाई गोठ्यात वैरणीची पेंढी हातात घेऊन, आतल्या बाजूला पाठ करून उभ्या होत्या. तिची चाहूल लागली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणत," अदिती म्हणाली. "ऐकतायत."

तानाबाई पेंढीचा बंध सोडून वैरण म्हशींपुढं पसरू लागल्या, हळूहळू, कडब्याचा आवाज होऊ न देता.